नानांचा हात मिशीला गेला की

आमच्या आडतीवर कांद्याचा सौदा नेमका कधी पक्का होतो, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. सोपाननानांचा उजवा हात मिशीला गेला की सौदा झाला. नाना आमच्याकडे पुकारा करायचे. कांद्याच्या ढिगाभोवती व्यापारी कोंडाळं करून उभे, मध्ये भरल्या गोणीवर नाना, आणि आवाज असा की शिरूरच्या बाजार आवाराच्या फाटकाबाहेर चहावाल्याला आतला भाव कळायचा. बोली चढत जायची, अडायची. नाना एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे बघून घ्यायचे आणि मग अंगठा आणि बोट मिशीच्या उजव्या टोकाला लागायचं. त्यानंतर कुणी वाढवून बोललं तर म्हणायचे, "मिशीच्या आधी बोलायचं, पाव्हणं. आता पुढच्या ढिगाला."

मिशी होतीही तशीच. पांढरीशुभ्र, गालांवर पसरलेली, टोकं वर वळलेली. सदऱ्याच्या खिशात एक छोटी फणी असायची, ती डोक्यासाठी नव्हती. डोक्यावर टोपीच असे.

मी या आडतीचं ऑफिस बरीच वर्षं सांभाळते. माहेर यवतचं, सासर शिरूरचं. मला याद्या करायची सवय आहे. सकाळी आल्या आल्या दिवसाची कामं लिहायची आणि होईल तसं एकेक खोडायचं. नाना दारातून डोकावून विचारायचे, "ताई, आज श्वास घ्यायचं यादीत लिवलंय का?" मी म्हणायची, "लिहिलंय, पण तुमचं नाही लिहिलं. तुमचं तुम्ही बघा."

त्यांच्या सवयी ठरलेल्या होत्या. चहा कधी पूर्ण प्यायचे नाहीत. अर्धा बशीत ओतून समोर जो असेल त्याच्यापुढे सरकवायचे, तो हमाल असो नाहीतर बागायतदार. शेतकऱ्याला आधी जनावरांचं विचारायचे, मग कांद्याचं. नीट न वाळलेला कांदा हातात घेऊन म्हणायचे, "ह्यो अजून रानातच हाय. ह्याला कशाला आणलं एवढ्या लांब?" आणि रोज दुपारी घरी फोन. त्या फोनवर एकच वाक्य असायचं, "आबा जेवलं का?" उत्तर ऐकलं की फोन बंद.

आबा म्हणजे त्यांचे वडील, नव्वदीला टेकलेले. नाना स्वतः साठीच्या पुढचे. घोडनदीच्या काठी, शिरूरपासून जरा आत त्यांचं गाव. घरात नाना, कमलवहिनी आणि आबा, तिघंच. दोन्ही मुली सासरी.

नानांना दिवसा झोप यायला लागली ती एकदम नाही. आधी चहा पिताना मान खाली जायची. विचारलं तर म्हणायचे, "झोपलो न्हाई, जरा डोळं मिटलं." मग एकदा मोटारसायकल पाटाच्या चारीत घातली. लागलं नाही फार, पण तेव्हापासून एसटीनं यायला लागले. एसटीत इतके गाढ झोपायचे की कंडक्टर शिरूर आलं की खांदा हलवून उठवायचा आणि म्हणायचा, "पुकारा करा आता, नाना. नगरला नेऊ का तसंच?"

मग तो सोमवार आला. आवार भरलेलं होतं. नाना गोणीवर उभे न राहता बसले होते, ते मी खिडकीतून पाहिलं होतं. बोली चालू होती, मध्येच नानांचा आवाज थांबला. सगळ्यांना वाटलं नेहमीसारखं तोंडं बघतायत. आणि त्यांचा हात वर गेला, मिशीला लागला.

व्यापारी म्हणाला, "हात गेला. माल माझा."

ज्याचा कांदा होता तो जवळच्याच गावचा तरुण शेतकरी. तो म्हणाला, "आवो, बोली कुठं थांबलीय? ते झोपल्यात. बघा की त्यांच्याकडं."

नाना खरंच झोपलेले होते. झोपेत ओठावर माशी बसली असेल, नाहीतर हाताची सवय असेल. कुणीतरी हलवलं तेव्हा दचकून उठले. काय झालं ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग गोणीवर उभे राहिले.

"परत पुकारतो. हात माझा व्हता, पण मी तिथं न्हवतो."

व्यापारी हसून म्हणाला, "मग नाना, मिशीची किंमत काय राह्यली?"

तो ढीग नानांनी पुन्हा पुकारला, भाव वर गेला, शेतकरी खूश होऊन गेला. नाना ऑफिसात आले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "ताई," ते म्हणाले, "मला काय झालंय?"

मला अंदाज होता, कारण ते मला स्वतःला झालेलं होतं. झोपेत श्वास अडतो, शरीर पुन्हा पुन्हा अर्धवट जागं होतं आणि सकाळी माणूस उठतो तो दमलेलाच. मी रोज तोंडाला मास्क लावून, यंत्राच्या हवेवर झोपते. आमच्या घरात त्याला नुसतं "मशीन" म्हणतात. मी नानांना विचारलं, घोरता का? घोरता घोरता मध्येच गप होता का?

नाना टोपीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "दादा असाच घोरायचा. माझा थोरला भाऊ. आख्खी आळी म्हणायची, गडी निवांत झोपतो. एके सकाळी उठलाच न्हाई. आबांनी खांदा दिला त्येला."

मी कागद पुढे ओढला होता. नाना त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "एकच लिवा. मला लई जगायचं न्हाई. आबाच्या मागं राह्यचंय निस्तं. त्या माणसानं एका पोराला खांदा दिलाय, दुसऱ्याला देऊ नये. बास. बाकी तुमची यादी तुमच्या मनानं करा."

दौंडला छातीचे एक डॉक्टर आहेत, मी त्यांच्याकडेच जाते. मी नाना आणि वहिनींना घेऊन गेले. बोटाला आणि छातीला लावायचं तपासणीचं उपकरण त्यांनी घरी नेऊन रात्री लावायला दिलं, दुसऱ्या फेरीला निकाल सांगितला. श्वास फार वेळा अडतोय, हृदयावर ताण येतोय, मशीन लावावंच लागेल. हवा घशात सतत राहते, घसा मिटत नाही, असं त्यांनी चित्र काढून समजावलं.

नाना म्हणाले, "म्हंजी पंक्चर निघत न्हाई, आपण हवा भरत राह्यची."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच रोज लावायचं. बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही."

मशीन आलं आणि पहिल्याच आठवड्यात नानांनी ते कपाटावर ठेवून दिलं. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क होता. "मळणीला बैलाला मुसकं घालत्यात तसं वाटतंय, ताई. मी खळ्यातलं काय खाणार हाय का?" मी त्यांना माझा अनुभव सांगितला. मीही सुरुवातीला तो भिरकावला होता. एकदम झोपायला घेऊ नका. संध्याकाळी ओट्यावर बसून मास्क नुसता हातानं तोंडावर धरा, पट्टे नको. ते जमलं की पट्टे लावा. मग हवा चालू करून टीव्हीसमोर बसा. हवा हळूहळू वाढवत नेणारं एक बटन असतं, ते दाबा. तरी जीव घाबरला तर मास्क बदलून मागा, नुसत्या नाकाचाही मिळतो. हे सगळं मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा यादी भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावलेली होती आणि नाना ओट्यावर नाकाचा मास्क लावून ताठ बसले होते, फोटोला बसल्यासारखे. समोर बाजेवर आबा. आबांना ऐकू चांगलं येत होतं, नजरही शाबूत होती, फक्त पाय गेले होते.

"बघा की," आबा मला म्हणाले, "इमान उडवाय निघालाय. मला बी न्हे म्हणलं तर बोलत न्हाई."

नाना मास्कमधून "हूं" म्हणाले. नाकाच्या मास्कमध्ये तोंड उघडलं की हवा तोंडातून निसटते, म्हणून त्यांना मिटूनच बसावं लागे. आयुष्यभर पुकारा केलेल्या माणसाला ते अवघडच.

मी मशीन तपासलं. पाण्याच्या डब्याच्या तळाला पांढरा थर बसलेला. बोअरचं पाणी घातलं होतं. "मेडिकलमधलं शुद्ध पाणी घाला म्हणून लिहिलंय ना?" मी विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "आमचं बी शुद्धच हाय की. गाव पितंय." लाइट जाते तेव्हा काय, याचं उत्तर जावयानं इन्व्हर्टर बसवून दिलेलं होतं. घसा कोरडा पडणं पाण्यानं कमी झालं. पट्टे जास्त आवळल्यानं नाकावर वळ उठला होता, ते मी सैल केले.

चहा करताना वहिनींनी मला आत बोलावलं. "ताई, एक सांगू का? ह्यांचं घोरणं बंद झालंय आन् माझी झोप गेलीय. इतकी वर्सं त्या आवाजावर झोपले मी. आता गप झालं की वाटतं, थोरल्या भावजींचं असंच गप झालं व्हतं. उठते आन् हात लावून बघते. मग ते जागं व्हत्यात."

हे माझ्या यादीत नव्हतं. मी सांगितलं, मशीनची नळी तुमच्या बाजूनं घ्या आणि तिच्यावर हात ठेवून झोपा. श्वास चालू आहे ते नळीत कळतं. पुढं वहिनी तशाच झोपायला लागल्या, नळी मुठीत धरून.

पण खरी अडचण मिशीची होती. नाकाच्या मास्कची खालची कड वरच्या ओठावर टेकते. तिथं केस असले की फट राहते. हवा फटीतून शीळ घालत निघते, वर डोळ्यांत जाते. सकाळी नानांचे डोळे लाल असायचे आणि दुपारी पुन्हा झोप. मशीनवाल्याशी फोनवर बोलणं झालं, तो म्हणाला, "काका, मिशी काढा, सोपं आहे." नानांनी फोन माझ्याकडे दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. टोकं कापून पाहिली, उपयोग झाला नाही. ओठावरची राहिलीच. मिशी आत झाकणारा तो पहिला मोठा मास्क पुन्हा लावायला ते तयार नव्हते.

मला वाटलं, हौसेपोटी अडून बसलेत. त्यांच्या ओट्यावर बसून मी जरा जोरातच म्हटलं, "नाना, केस आहेत ते. परत येतात."

"हौस न्हाई, ताई." ते हळू बोलत होते, आबांना ऐकू जाऊ नये म्हणून. "दादा गेला तवा दहाव्याला नदीवर काढली व्हती. घरी आलो आन् आबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. कसं बघितलं ते सांगता येत न्हाई. तोवर रडलं न्हवतं, तवा रडलं. बाप जितं असताना परत ते तोंड मी त्यांना दावू? मिशी काढत्यात कवा, तुम्हाला ठावं हाय की."

मला ठाऊक होतं. आमच्याकडे घरात कुणी गेल्याशिवाय नानांसारखा माणूस मिशी काढत नाही.

आबा बाजेवरून म्हणाले, "सोपान, हिकडं ये."

नाना गेले. आबांनी त्यांना खाली बसवलं. हात लांब करून मिशीवरून फिरवला, लहान पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. "ही माझ्यासाठी ठिवलीस न्हवं?"

"व्हय, आबा."

"मग माझ्यासाठीच काढ. मी बसलोय हितं. माझ्यादेखत काढ. म्हंजी तोंड बघायची सवय व्हईल मला."

न्हाव्याला बोलावणं गेलं. तो पेटी घेऊन आला, नानांनी मिशीकडे बोट दाखवलं, तसा त्याचा चेहरा पडला. खाली वाकून विचारलं, "कवा गेलं आबा?"

"मागं बघ," नाना म्हणाले.

आबा बाजेवरून म्हणाले, "हाय मी. वस्तरा नवा घे."

मिशी उतरली. नानांचा वरचा ओठ पांढरा, कोवळा निघाला, कुणा दुसऱ्याच माणसाचा असल्यासारखा. आबांनी पुष्कळ वेळ पाहिलं. "बरं दिसतंय," म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसले. "आता झोप जा."

न्हाव्यानं काही सांगितलं नाही, पण नाना त्या संध्याकाळी चक्कीवर दळण आणायला गेले आणि तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं घरी भेटायला यायला लागली. शेजारच्या वाडीवरून दोघं-तिघं टोप्या हातात घेऊन आले, मान खाली घालून ओट्याशी बसले. एकजण म्हणाला, "सोनं झालं म्हातारपणाचं." आबा बाजेवर ऐकत होते. म्हणाले, "अजून व्हायचंय. च्या घ्या आन् जा. आन् येणाऱ्याला सांगा, आबा सवता भेटल." दिवसभर आबांनी स्वतःच्याच दुःखाला आलेल्यांना चहा पाजला. हे नानांनीच मला सांगितलं, हसत हसत. सांगताना हात मिशीकडे गेला आणि ओठावरून घसरून खाली आला.

बाजारात तर आठवडाभर गोंधळ. नानांचा हात सवयीनं वर जायचा, ओठापाशी अडायचा, आणि सौदा झाला की नाही कुणालाच कळायचं नाही. व्यापारी ओरडायचे, "नाना, तुटला का चालू हाय?" शेवटी त्यांनी टोपीला हात लावायचं ठरवलं. कुणाचं समाधान झालं नाही, पण चाललं.

आणि नाना जागे झाले. मी दुसरा शब्द वापरत नाही. पहाटे उठून गोठा करून येताहेत, दुपारी गोणीवर उभे आहेत, चहाचा अर्धा कप बशीत ओतताना मान खाली जात नाही. आवाज पुन्हा फाटकाबाहेर जायला लागला. वर्षभर असं चाललं. दौंडच्या डॉक्टरांनी मशीनमधली नोंद पाहून सांगितलं, एक दिवसही खंड नाही. नाना म्हणाले, "खंड कसा पडल? म्हातारा सकाळी उठला की आधी माझ्या नाकावरचा वळ बघतो."

आबा त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. आजारपण नाही, त्रास नाही. दुपारी जेवले, पाणी मागितलं, आणि नानांनी तांब्या आणेपर्यंत संपलं होतं. खांदा नानांनी दिला. दहाव्याला मी नदीवर गेले होते. न्हाव्यानं डोकं केलं आणि मग त्याचा हात ओठापाशी थांबला. काढायला काही नव्हतं. त्यानं क्षणभर नानांकडे पाहिलं, ओठावर पाणी लावलं आणि उतरलेल्याच जागेवरून वस्तरा एकदा फिरवला. नानांनी डोळे मिटून घेतले होते.

घाटावरून परत येताना ते माझ्याजवळ थांबले. "ताई, झालं. जसं पायजे व्हतं तसं झालं."

मी म्हटलं, "मशीन चालू ठेवायचं, नाना."

"हां," ते म्हणाले.

पुढचे काही आठवडे ते बाजारात आले नाहीत. आले तेव्हा टोपीखाली केस फुटत होते आणि ओठावर पांढरे खुंट. सुतक फिटलं की मिशी वाढवतात, त्यात कुणाला काही वाटलं नाही. हमाल खूश, व्यापारी खूश. ज्यानं त्या सोमवारी टोमणा मारला होता तो म्हणाला, "आता सौद्याला मजा यील." मला एकटीला त्या खुंटांचा अर्थ लागत होता. मी त्यांना ऑफिसात बोलावलं.

"मशीन लावता ना?"

"हाय की कपाटात. पुसून, वाळवून ठिवलंय, तुमच्या यादीपरमाणं."

"नाना, मिशी राहू द्या. मोठ्या मास्कचं पुन्हा बघू. आता सवय झालीय, जमेल तुम्हाला. मी आणते."

"आणा."

"वहिनी आहेत घरी. पोरी आहेत."

"व्हय, हायत." ते खिडकीबाहेर बघत होते. "ताई, सकाळी उठलो की आता नाकाकडं बघायला कोण न्हाई. जरा मोकळं झोपू द्या मला. मग लावतो."

मी मास्क मागवला. तो आला, मी घरी नेऊन दिला, लावून दाखवला. नाना शहाण्या मुलासारखे बसून राहिले. निघताना वहिनी म्हणाल्या, "लावत न्हाईत वो. पण खरं सांगू? घोरत्यात आता आन् मला झोप लागती." मी त्यांना पुन्हा सगळं समजावलं, मुलींनाही फोन केला. मुली भांडून गेल्या. दोन-चार दिवस मास्क लागला असेल.

उन्हाळी कांदा जोरात होता तेव्हा नाना गेले, झोपेत. मी पोचले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "आवाज येत व्हता म्हणून मी निवांत झोपले, ताई."

आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना शेवटचं पाहिलं. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवसाचा शेवटचा ढीग. उन्हानं सगळे कंटाळलेले. नाना गोणीवर बसले होते. मिशीची टोकं पुन्हा वर वळायला लागली होती. बोली चढत गेली, अडली, पुकारा थांबला. व्यापारी त्यांच्याकडे बघत उभे होते. मी खिडकीशी आले. नानांचा हात सावकाश वर गेला आणि अंगठा, बोट मिशीच्या टोकाला लागलं. सौदा झाला. माणसं ढिगापासून पांगायला लागली, हमालांनी गोण्या उचलल्या. नाना तसेच बसून होते, हात मिशीला. त्यांचे डोळे उघडे होते की मिटलेले, ते मला इतक्या लांबून दिसलं नाही.